मातीची जमीन

ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या उत्तरेला न्यू साउथ वेल्स, दक्षिणेला व्हिक्टोरिया. नदी हीच दोन राज्यांची हद्द. उत्तर काठावर कमेरागंजा नावाची योर्टा योर्टा लोकांची जुनी वस्ती आहे. तिथून उठून आलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांकडून मी ज्या गोष्टी ऐकल्या, त्या बहुतेकींत एक मोटार येते. कच्च्या रस्त्यावर लांबवर धुरळा उठला की ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं ओरडायचं आणि पोरांनी नदीकडे पळत सुटायचं. थोरल्यानं धाकट्याला पाठुंगळी घ्यायचं. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी काठावरच्या लव्हाळ्यात दडून बसायचं. हद्दीचा कायदा असा की नदीचं पाणी सगळं न्यू साउथ वेल्सचं, व्हिक्टोरिया सुरू होतं ते पलीकडच्या काठावर. म्हणून नुसतं पोहून भागायचं नाही, वर चढावं लागायचं. एकदा वर चढलं की मोटारीतल्या माणसांचा हुकूम संपला.

मोटारीतून यायचे ते आदिवासींच्या संरक्षणासाठी नेमलेल्या बोर्डाचे अधिकारी आणि त्यांच्यासोबत पोलीस.

मी शेपार्टनला राहते. मेलबर्नच्या उत्तरेला दोन-अडीच तासांवर फळबागांचं हे गाव, डबाबंद पीच आणि पेअरसाठी देशभर ठाऊक. इथे वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका केंद्रात मी नर्स आहे. ज्यांच्यामुळे हे सगळं लिहायला बसले त्यांचं नाव सांगणार नाही. इथे आदिवासी समाजातल्या मानाच्या म्हाताऱ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात, मीही म्हणते. आंटी मला 'पोरी' म्हणतात. रात्रपाळीला त्यांना झोप लागत नाही आणि मला झोपून चालत नाही, त्यामुळे आमच्या गप्पा बहुतेक रात्रीच्याच. नदीची गोष्ट त्यांच्या आजीची. आजीनं ती त्यांच्या आईला सांगितली, आईनं त्यांना, आणि त्या सांगताना अजूनही 'आम्ही पळालो' असंच म्हणतात.

गोष्टीतली मोटार कुठल्या कागदाच्या जोरावर येत होती, हे मी नंतर वाचत गेले. न्यू साउथ वेल्सनं १९०९ साली आदिवासी संरक्षणाचा कायदा केला. त्यात मूल ताब्यात घ्यायचं तर त्याची हेळसांड होते आहे हे मॅजिस्ट्रेटपुढे सिद्ध करावं लागे. बोर्डाला हे फार जड जाऊ लागलं, कारण आया कोर्टात उभ्या राहत आणि मुलं धडधाकट दिसत. मग १९१५ साली दुरुस्ती झाली. मुलाच्या नैतिक किंवा शारीरिक भल्यासाठी त्याला हलवणं योग्य, असं बोर्डाला वाटलं की पुरे. सुनावणी नको, पुरावा नको, आईबापांचा होकार नको. हरकत असेल तर आईबापांनी कोर्टात जावं, अशी सोय ठेवली होती. ज्यांना वस्तीबाहेर पडायलाही व्यवस्थापकाची परवानगी लागे, त्यांच्यासाठी ही सोय. मुलांच्या नोंदवहीत 'ताब्यात घेण्याचं कारण' असा एक रकाना असे. इतिहासकार पीटर रीड यांना हे जुने कागद चाळताना काही नोंदींत आदिवासी असणं एवढंच कारण लिहिलेलं सापडलं. 'चोरलेल्या पिढ्या' हे नाव १९८१ मध्ये रूढ केलं ते त्यांनीच.

त्या रकान्यामागची एक मुलगी मार्गारेट टकर. १९१७ साली ती तेरा वर्षांची होती. डेनिलिक्विनजवळच्या मूनाकुल्ला वस्तीतल्या शाळेत बसलेली असताना तिला आणि तिच्या मे नावाच्या बहिणीला पोलीस मोटारीतून घेऊन गेले. तिसरी बहीण आजारी होती म्हणून वाचली. मुलींना नेलं ते कुटामंड्राला. तिथे टेकडीवरच्या जुन्या हॉस्पिटलात बोर्डानं आदिवासी मुलींसाठी घरकाम शिकवणारी संस्था चालवली होती, १९१२ च्या सुमाराला सुरू झालेली आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चाललेली. फरशी घासणं, कपडे धुणं, स्वयंपाक, इस्त्री. चौदा वर्षांची झाली की मुलीला गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून पाठवायचं. तिच्या हातात खर्चाला काही पेनी पडत आणि उरलेली मजुरी बोर्डाच्या खात्यात जमा होई. ते पैसे कित्येकींना कधीच दिसले नाहीत. ते परत द्यायची सरकारी योजना निघाली २००४ साली. तोवर त्यातल्या बऱ्याच जणी गेल्या होत्या. मुलांसाठी केम्प्सीजवळ किंचेला इथे अशीच संस्था होती. तिथे मुलांना नावानं नाही, नंबरानं हाक मारत.

मार्गारेट टकर पुढे आदिवासींच्या हक्कांसाठी उभ्या राहिल्या, १९७७ साली त्यांनी आपलं आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. त्यांच्या मुलीकडे मला नंतर यायचं आहे.

कमेरागंजाच्या लोकांनी शेवटी एकदाच काय ते उत्तर दिलं. तुटपुंजा शिधा, व्यवस्थापकाची अरेरावी आणि पोरं उचलली जाण्याची टांगती भीती यांना कंटाळून फेब्रुवारी १९३९ मध्ये दीडशेहून जास्त माणसं चंबूगबाळं घेऊन नदीपार झाली ती परत न जाण्यासाठी. पलीकडे बार्मा, आणि मग कामाच्या शोधात हळूहळू खाली शेपार्टन आणि मुरुप्ना. या दोन गावांच्या मधे गोलबर्न नदीची पूररेषेतली सखल जमीन आहे, तिला 'द फ्लॅट्स' म्हणतात. गावात कोणी भाड्यानं घर देईना, म्हणून लोकांनी तिथे झोपड्या बांधल्या. रॉकेलचे डबे ठोकून सपाट केलेले पत्रे, गोणपाट, गावच्या कचरापट्टीतून आणलेलं लाकूड. हंगामात फळं तोडायची आणि कॅनरीत राबायचं. पूर आला की उंचावर जायचं, ओसरला की परत येऊन पुन्हा बांधायचं. आंटींचा जन्म तिथलाच, १९४६ चा.

फ्लॅट्सवरच्या जमिनीबद्दल आंटी बोलायला लागल्या की मी हातातलं काम ठेवते. त्यांची आई रोज सकाळी झोपडीतल्या मातीवर पाणी शिंपडायची, ती थोडी आळली की निलगिरीच्या पानाळ फांदीनं झाडायची, पुन्हा शिंपडायची, पुन्हा झाडायची. असं वर्षानुवर्षं करून ती जमीन सिमेंटसारखी घट्ट आणि गुळगुळीत झाली होती. अनवाणी पाय ठेवला की गार लागायची. "तिच्यावर भाकरी पडली तर उचलून खाल्ली असती," आंटी म्हणाल्या. भाकरी म्हणजे त्यांची निखाऱ्यात भाजलेली डॅम्पर. मला सोलापूरचं आजीचं स्वयंपाकघर आठवलं. शेणामातीनं सारवलेली जमीन आणि उंबऱ्याशी ओढलेली रांगोळीची रेघ. आमच्याकडे सून आळशी आहे की कामाची, हे सारवणावरून ओळखायचे.

१९५४ च्या मार्चमध्ये राणी एलिझाबेथ शेपार्टनला आली. तिची गाडी फ्लॅट्सच्या बाजूनं जाणार होती. राणीला झोपड्या दिसू नयेत म्हणून रस्त्याच्या कडेनं गोणपाटाचा पडदा उभारला गेला. ही गोष्ट इथल्या प्रत्येक कूरी, म्हणजे आदिवासी, घरात ठाऊक आहे. आंटी तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. पडद्याला कुठंतरी भोक असणारच अशी पोरांना खात्री होती, आणि भोक सापडलंही. त्यातून आंटींना दिसला तो राणीच्या गाडीमागून धावणाऱ्या पोलिसांच्या मोटरसायकलींचा धूर.

दुसऱ्या वर्षी वेल्फेअरवाले आले. इथे अजूनही तोच शब्द आहे. बोर्डं आली-गेली, खात्यांची नावं चार वेळा बदलली, पण आदिवासी घरांत ते सगळे 'वेल्फेअर'च. व्हिक्टोरियात तेव्हा मुलं उचलायला आदिवासींसाठीचा वेगळा कायदा लागत नव्हता. सर्वांना लागू असलेला बालकल्याणाचा कायदाच वापरत. गोष्ट त्यामुळे सभ्य दिसे. बालन्यायालय असे, अर्ज असे, सही-शिक्का असे. आंटींची आई त्या दिवशी कॅनरीत पाळीवर होती. आंटी आणि त्यांचा धाकटा भाऊ गाडीत बसले ते आइस्क्रीम मिळणार म्हणून. संध्याकाळपर्यंत दोघांना वेगळ्या संस्थांत ठेवलं होतं. आंटी नऊ वर्षांच्या होत्या. त्या आईला पुन्हा भेटल्या ते अठराव्या वर्षी, आणि तेव्हा दोघी बाकावर शेजारी बसून काय बोलावं या विवंचनेत होत्या.

आंटींची फाइल मी पाहिली आहे. त्यांनीच एका रात्री कपाटातून काढून दिली. १९९७ नंतर त्यांनी अर्ज करून ती मिळवली होती. कार्बन कागदाची जांभळट अक्षरं, कडेला बांधणीची भोकं, काही ओळींवर काळी पट्टी ओढलेली. पहिल्या पानावर पाहणी करणाऱ्याचा शेरा आहे. एक खोली. माणसं सात. खाटा दोन. जमीन मातीची. मुलं स्वच्छ. आई कामावर. आणि खाली निष्कर्ष: हेळसांड.

मी तो कागद किती तरी वेळ हातात धरून बसले होते. जी जमीन आईनं रोज दोनदा झाडली, तीच आईविरुद्ध साक्षीला उभी केली होती. मुलं स्वच्छ आहेत हे त्या माणसानं स्वतःच लिहिलं होतं, आणि तरी त्याच्या हातानं तो शेवटचा शब्द लिहिला गेला. तो दुष्ट होता असं मला वाटत नाही. पोरीला पलंग मिळेल, गादी मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल असं त्याला मनापासून वाटत असणार. फ्लॅट्सवर नळ आणून दिला असता, या कुटुंबाला घर भाड्यानं मिळवून दिलं असतं, तर त्या शेऱ्यातल्या चारही तक्रारी मिटल्या असत्या. तो अधिकार त्याच्याकडे नव्हता. मूल उचलायचा होता.

फाइलीत पुढे चार पत्रं आहेत. आईच्या हातची, पेन्सिलीनं लिहिलेली, स्पेलिंगच्या चुका असलेली. नाताळला पोरीला घरी पाठवाल का, मी रेल्वेचं भाडं साठवलं आहे. तिचे पाय थंडीत फुटतात, तेल लावायला सांगा. पत्रं पोहोचली, शिक्का मारून फाइलीला लावली गेली, आणि पोरीला सांगितलं गेलं की तुझी आई तुला विसरली. आंटींनी ती पत्रं वाचली तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या आणि आई जाऊन वीस वर्षं झाली होती.

असं फक्त एका घरात झालं नाही. 'टूक द चिल्ड्रन अवे' हे गाणं लिहिणारे आर्ची रोच याच मुरुप्नात १९५६ साली जन्मले आणि फ्रॅमलिंगहॅमहून उचलले गेले. त्यांना सांगण्यात आलं होतं की तुझे आईवडील आगीत मेले. शाळेत असताना एक पत्र आलं, बहिणीचं, की आपली आई आत्ताच वारली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस ट्रेव्हॉरोला १९५७ च्या नाताळात, तेरा महिन्यांचा असताना, पोटदुखीसाठी हॉस्पिटलात नेलं होतं. तिथून तो परस्पर एका गोऱ्या कुटुंबाकडे गेला. त्यानं सरकारवर दावा लावला आणि २००७ साली जिंकला. चोरलेल्या पिढ्यांतल्या माणसानं कोर्टात नुकसानभरपाई मिळवल्याची ही पहिली वेळ. पुढच्याच वर्षी तो वारला. आणि व्हिक्टोरियात टाउंगुरुंग समाजाचे लॅरी वॉल्श यांना मोठेपणी कळलं की पोलिसांच्या नोंदीत आपण लहान मूल असल्यापासून गुन्हेगार आहोत. बालन्यायालयात मुलावरच 'काळजी आणि संरक्षणाची गरज' असा आरोप ठेवला जात असे आणि तो गुन्ह्यांच्या यादीत चढे. तान्ह्या पोरांच्या नावावर गुन्हे. हे चुकीचं होतं असं कायद्यात नमूद व्हायला २०१८ उजाडलं, तेही त्यांच्यासारख्यांनी पाठपुरावा केला म्हणून.

ही गोष्ट वाचली तेव्हा मी आंटींना सोलापूरच्या सेटलमेंटबद्दल सांगितलं. माझं माहेर सोलापूर. आजी गिरणीजवळच्या चाळीत वाढली. तिच्या लहानपणी सेटलमेंटभोवती काटेरी तार होती. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातींना इंग्रज सरकारनं जन्मानंच गुन्हेगार ठरवून तिथे ठेवलं होतं. आतल्या माणसांची हजेरी व्हायची, गिरणीत कामाला यायचं तर पास लागायचा. आजीसोबत खेळायला येणारी एक मुलगी तिथली होती. ती खेळता खेळता मधेच पळत सुटायची, हजेरीची वेळ झाली म्हणून. ती एकदा यायची थांबली, ती का, हे आजीला कोणी सांगितलं नाही. 'तारेआतल्यांची पोरं नेतात साहेब लोक' एवढंच मोठी माणसं आपसात बोलायची. गुन्हेगार जमातींच्या १९११ च्या कायद्यात तसं कलमच होतं, मी नंतर वाचलं. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून खास शाळांत ठेवायचा अधिकार सरकारला होता. त्याआधी १८९७ च्या दुरुस्तीतही चार वर्षांच्या पुढच्या मुलग्यांसाठी अशीच तरतूद होती. एकच साम्राज्य, तीच दोन दशकं, आणि आईबापांच्या सहवासानंच मूल बिघडतं हा तोच सिद्धांत. लंडनहून निघालेला तो विचार एका फाट्यानं सोलापूरला पोहोचला आणि दुसऱ्यानं कमेरागंजाला.

आंटींनी नीट ऐकून घेतलं. "तो कायदा गेला कधी?"

"१९५२ च्या ऑगस्टमध्ये."

"मग तुमच्याकडे संपला तेव्हा माझं अजून व्हायचंच होतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "ती तुझ्या आजीची मैत्रीण. तिला कोणी शोधलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. आजीनं तिचं नावही सांगितलं नव्हतं.

सरकारी हिशेबानं आंटींचं दुःख इतिहासात जमा झालं आहे. १९९५ ते १९९७ या काळात सर रोनाल्ड विल्सन आणि मिक डॉडसन यांनी देशभर फिरून शेकडो लोकांच्या साक्षी घेतल्या. 'ब्रिंगिंग देम होम' हा त्यांचा अहवाल मे १९९७ मध्ये संसदेपुढे आला. १९१० ते १९७० या काळात आदिवासी मुलांपैकी दर तिघांमागे एक ते दर दहांमागे एक इतकी मुलं घरातून नेली गेली, असा त्यांचा अंदाज. व्हिक्टोरियाच्या विधिमंडळानं त्याच वर्षी माफी मागितली. देशाच्या संसदेत पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी. व्हिक्टोरियानं २०२२ मध्ये एक लाख डॉलरची भरपाईही सुरू केली. आंटींना ती मिळाली. त्यांनी भावाच्या अंत्यविधीचं कर्ज फेडलं.

पण शरीर काही जमा करत नाही. चोरलेल्या पिढ्यांतली सगळीच माणसं आता पन्नाशीपुढची आहेत, म्हणजे आयुष्याच्या शेवटी पुन्हा एका संस्थेच्या दारात. पुन्हा ओळीनं पलंग, जंतुनाशकाचा वास, ठरल्या वेळी जेवण, रात्री कोणीतरी दार उघडून बघणं. आंटी आमच्याकडे आल्या तेव्हा रात्रीच्या फेरीत टॉर्चचा झोत भिंतीवर पडला की त्या ताठ उठून बसत, हात मांडीवर, नजर खाली. पावाचे तुकडे रुमालात बांधून उशीखाली ठेवत. अंघोळीला कोणी हात लावू देत नसत. सुरुवातीला कागदोपत्री त्याला स्मृतिभ्रंश म्हटलं गेलं. इथल्या कूरी आरोग्यसेविकेनं समजावल्यावर आम्ही पद्धत बदलली. टॉर्च बंद. दार कायम अर्धं उघडं. खोलीत शिरण्याआधी बाहेरून नाव सांगायचं. अंघोळीची वेळ त्या सांगतील ती, आणि मदतीला त्यांची भाची. पाव आम्ही काढून घेत नाही, रोज सकाळी त्यांच्यासमोर ताजा ठेवतो. गोळ्यांनी जे झालं नसतं ते एवढ्यानं झालं. त्या झोपायला लागल्या, दोन-तीन तास का होईना.

मी आधी इथल्याच एका हॉस्पिटलात प्रसूती विभागात होते. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची. तरुण कूरी मुलगी दिवस भरत आल्यावर यायची, आधी तपासणी नाही. पत्ता विचारला की गप्प. घरी कोण कोण असतं विचारलं की आणखी गप्प. नवऱ्यानं हात उगारला तर पोलिसांत जात नाही, घरभाडं थकलं तर मदत मागत नाही. कारण मदत मागितली की नाव कुठंतरी चढतं, आणि नाव चढलं की वेल्फेअर येतं. व्हिक्टोरियात मूल जन्माला यायच्या आधीच त्याच्याबद्दल खात्याला कळवता येतं, आणि तसं कळवलंही जातं. आईच्या पोटात असतानाच पोराची फाइल उघडलेली असते. तिथल्या भाषेत या मुलींना 'सहकार्य न करणाऱ्या' म्हणत. ज्या घरातल्या आजीला, पणजीला मोटारीतून नेलं, त्या घरातली मुलगी पत्ता सांगत नाही, यात न समजण्यासारखं काय आहे?

आजचे आकडे बघितले की माफीच्या भाषणाचं काय झालं असा प्रश्न पडतो. २००८ नंतर घराबाहेर ठेवलेल्या आदिवासी मुलांची संख्या घटायच्या ऐवजी वाढत गेली. देशातल्या मुलांत आदिवासी मुलं शंभरात सहाच्या आसपास, पण घराबाहेर ठेवलेल्या मुलांत शंभरातली चाळीसहून जास्त. व्हिक्टोरियात दर दहा आदिवासी मुलांमागे जवळपास एक. हे प्रमाण २०३१ पर्यंत पंचेचाळीस टक्क्यांनी खाली आणायचं असं सगळ्या सरकारांनी मिळून ठरवलं आहे, आणि त्या दिशेनं गाडी सरकत नाही. काही घरांत मूल खरोखर धोक्यात असतं. मारहाण असते, दारू असते, आईचं मन थाऱ्यावर नसतं. आंटी हे माझ्यापेक्षा स्पष्ट बोलतात. "पोराला मार बसत असेल तर त्याला आधी तिथून काढ. पण काढून ठेवणार कुठे ते आम्हाला विचार." कारण मार खाणाऱ्या पोराच्या गोष्टीत बहुतेकदा मार खाणारी आईही असते, आणि तिच्याकडे जायला घर नसतं. आईला राहायला जागा मिळाली तर पोराला हलवावं लागत नाही. जागा मिळत नाही, म्हणून कागदावर पोराला 'धोक्यात' लिहितात, आणि पोर सांभाळायला परक्या घराला सरकार पैसे देतं. तोच पैसा आईच्या भाड्याला का मिळू नये, हा माझा साधा प्रश्न आहे, आणि तो मी विचारत राहणार आहे.

आता मार्गारेट टकर यांची मुलगी. मॉली डायर. आईला शाळेच्या बाकावरून उचललं होतं. मुलीनं स्वतःच्या घरात कित्येक आदिवासी पोरं सांभाळली आणि मग विचार केला की हे एका घरानं भागणारं काम नाही. अमेरिकेतल्या याकिमा लोकांनी आपल्या मुलांसाठी स्वतःची व्यवस्था उभी केली होती, ती त्यांनी समजून घेतली, आणि १९७७ साली मेलबर्नमध्ये आदिवासींनी चालवलेली व्हिक्टोरियातली बालसंगोपन संस्था उभी केली. सगळे तिला 'वॅका' म्हणतात. याच पिढीनं एक तत्त्व लावून धरलं. आदिवासी मुलाला घरी ठेवणं खरोखर शक्य नसेल तर आधी नातेवाईक बघा. ते नसतील तर त्याच समाजातलं दुसरं कुटुंब बघा, तेही नसेल तर दुसऱ्या आदिवासी समाजातलं. परकं घर सगळ्यात शेवटी, आणि तिथेही नात्याची वाट तुटू देऊ नका. नॉर्दर्न टेरिटरीनं १९८३ मध्ये ते कायद्यात घेतलं, मग एकेक राज्यानं. कायद्यात आलं, वागण्यात पुरतं आलं नाही. 'नातेवाईक सापडले नाहीत' एवढी एक ओळ लिहिली की शेवटच्या पायरीवर उडी मारता येते.

पण व्हिक्टोरियाच्या कायद्यात एक कलम होतं आणि ते २०१७ मध्ये पहिल्यांदा खरोखर वापरलं गेलं. त्यानुसार कोर्टानं ताब्यात दिलेल्या मुलाबद्दलचे निर्णय खात्याऐवजी आदिवासी संस्थेनं घ्यायचे. आधी वॅका, मग बेंडिगोची संस्था. मुलं घरी परतायचं किंवा नात्यात राहायचं प्रमाण अशा ठिकाणी चांगलं आहे, असं इथे काम करणारे सांगतात, आणि जे मी डोळ्यांनी पाहिलं त्यावरून मला ते पटतं. सत्यशोधनासाठी नेमलेल्या यूरूक आयोगानं २०२३ मध्ये सरकारला हेच सुचवलं: अधिकार आणि पैसा, दोन्ही या समाजाच्या हाती द्या.

मी पाहिलं ते असं. त्या आईची परवानगी आहे, ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. आंटींच्या भाच्याच्या मुलीचा मुलगा, वय चार. बापानं आईला मारलं, घर सुटलं, दोघं मायलेक गाडीत झोपत होती. खात्यानं मूल हलवायचं ठरवलं होतं. त्याआधी नातेवाइकांची बैठक घ्यायची इथे पद्धत आहे, आणि ती आदिवासी संस्थेच्या माणसानं चालवायची असते. माझी सुट्टी होती, म्हणून आंटींना चाकाच्या खुर्चीतून मीच घेऊन गेले. सभागृहात चहा, सँडविच, लहान पोरांसाठी रंगीत खडू. खात्याच्या तरुण बाईनं जाडजूड अहवाल आणला होता. तिनं वाचायला सुरुवात केली आणि आंटींनी हात वर केला.

"भाडं किती थकलंय?"

अहवालात ते नव्हतं. आईनं आकडा सांगितला. पुढचा बराच वेळ बोलणं भाड्यावरच झालं. कोण जामीन राहील, सहकारी संस्थेचं रिकामं घर कधी मिळेल, त्या माणसावरचा मनाईहुकूम कुठवर आला. मग मुलाचं. तोवर कोणाकडे राहील? खात्याच्या फॉर्मवर 'संभाव्य नातेवाईक' असा चौकोन होता, त्यात दोन नावांपुरती जागा. आंटींनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. आईकडच्या, बापाकडच्या, मुरुप्नातल्या, इचुकाच्या, बार्माच्या. कोणाकडे किती खोल्या, कोणाचा नवरा रात्रपाळीला, कोणाचं पोर याच्याच शाळेत. मधेच एकीचं नाव घेऊन म्हणाल्या, "ही नको, तिचं तिलाच होत नाहीये." त्या तरुण बाईनं चौकोन भरल्यावर समासात लिहिलं, समास भरल्यावर पान उलटलं. ते भरल्यावर कोऱ्या कागदांचा गठ्ठाच जवळ ओढला, आणि म्हणाली, "आंटी, जरा सावकाश, स्पेलिंग सांगा."

सातव्या नावावर एकमत झालं. मुलगा पाच महिने तिच्याकडे राहिला. त्याची आई रोज संध्याकाळी जेवायला तिथेच जायची. शाळा बदलावी लागली नाही. घर मिळाल्यावर तो आईकडे गेला. खात्याची फाइल अजून उघडी आहे, आणि पुढच्या बैठकीची तारीख आंटींनी खोलीतल्या कॅलेंडरवर माझ्याकडून लिहून घेतली आहे. त्या दिवशी मी रजा टाकावी असंही बजावलं आहे.